पोडियमचा स्लॅब नुसता पार्किंगचा नसतो

परवा लातूरहून मावसभावाने तो फ्लॅट घेणार आहे त्या इमारतीचा नकाशा पाठवला. बारा मजली इमारत. खाली दुकानं, वर दोन मजले पार्किंग, असा ऐसपैस पोडियम. टॉवर त्याच्या एका कोपऱ्यावर. मी विचारलं, "भूकंपाच्या गणितात टॉवर आणि पोडियम एकत्र धरलेत का?" तो म्हणाला, "दादा, टॉवर एकटाच धरलाय, पोडियमवर पक्का बसवलाय असं समजून. तुमच्या न्यूझीलंडचे लाड इथं कशाला?"

हे लाड नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आईने मला दंडाला धरून औशाच्या घरातून अंगणात ओढलं, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. किल्लारीचा भूकंप ६.२ चा, आणि भूकंपाच्या तेव्हाच्या नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याचा! आता मी राहतो त्या क्राइस्टचर्चला २२ फेब्रुवारी २०११ ला जवळपास तेवढाच भूकंप झाला, १८५ माणसं गेली. त्याही शहराखालचा भ्रंश, म्हणजे खडकातली सरकणारी भेग, आधी कुणाला ठाऊक नव्हता.

आता पोडियमचं. जमिनीत रोवलेली काठी मध्ये ओट्याने आवळलेली असावी, तसा टॉवर असतो. भूकंपात काठीचा वरचा भाग झुकला की ओटा तिला मागे खेचतो. लिफ्टच्या काँक्रीट भिंतीतला जोर पोडियमच्या खाली उलट्या दिशेला फिरतो, आणि कधी कधी वरच्यापेक्षाही जास्त असतो. हा सगळा जोर पोडियमच्या स्लॅबमधून जातो. टॉवर कोपऱ्यात असला तर इमारत पिळवटतेही. टॉवर एकटाच धरलेल्या गणितात यातलं काहीच दिसत नाही. म्हणून आम्ही इथले इंजिनिअर हिशेब दोनदा करतो: एकदा स्लॅब ताठ धरून, एकदा तडे गेलेला धरून. दोन्हींत जे वाईट निघेल, त्याप्रमाणे सळई.

इथली सळई लातूरला घाला, असं मी म्हणत नाही. तिथला धक्का इथल्यापेक्षा कमीच धरायचा, ते बरोबर आहे. पण उंच इमारतींसाठीचं भारतीय मानक ५० मीटरच्या वर लागू होतं, आणि आपल्याकडचे बहुतेक टॉवर त्याच्या खालीच राहतात. मग दुसऱ्या इंजिनिअरकडून तपासून घ्या, असं बिल्डरला सांगणार कोण? फ्लॅट घेणाऱ्यानेच सांगायला हवं.

काल भावाने साइटवरचा फोटो पाठवला. लिफ्टच्या भिंतीला लागूनच रॅम्पसाठी स्लॅब कापलाय. जोर जिथून जायचा, नेमका तिथंच. हिशेब हातात येईपर्यंत टोकन देऊ नकोस, म्हणून मी त्याला कळवलंय.