म्हणे, पोहतोय तो मासा सायनाइडचा नाही!

खाऱ्या पाण्याच्या फिशटँकवरचा एक लांबलचक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. माझ्याकडे आला तेव्हा सोडून दिला होता. पण परवा भाच्याने तोच पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, बांगाईची जोडी आणि एक मँडरिन बुक करतोय." दोन्ही खाऱ्या पाण्यातले शोभेचे मासे. मग मात्र गप्प बसवेना.

मेसेजचं म्हणणं असं: आता सगळे समुद्री मासे हॅचरीतच, म्हणजे माशांची पैदास करणाऱ्या केंद्रातच जन्मतात, सायनाइडने पकडलेला मासा जागीच मरतो, म्हणजे दुकानात पोहणारा मासा चांगल्या मार्गानेच आलेला, समुद्र अथांग आहे, चार मासे काढले तर काय बिघडतं, उलट गरीब मच्छीमाराचं पोट भरतं, आणि घरात समुद्रघोडा ठेवला की बरकत येते.

हॅचरीचं म्हणणं गप्पी-गोल्डफिशला लागू पडतं. समुद्री माशांचं चित्र वेगळं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाशी जोडलेल्या केंद्राचा 2003 चा अहवाल सांगतो, की वर्षाला दोन कोटी ते दोन कोटी चाळीस लाख समुद्री मासे टाक्यांसाठी विकले जातात आणि ते जवळपास सगळे समुद्रातून पकडलेले असतात. अहवाल जुना आहे, कबूल. मधल्या काळात क्लाऊनफिशची पैदास सोपी झाली, आपल्या ऐरोलीतही त्याची हॅचरी आहे. पण निळा टँग हा टाक्यांतला आवडता मासा हॅचरीत पहिल्यांदा वाढवता आला तो 2016 मध्ये, फ्लोरिडात. ‘सगळे’ म्हणायला अजून बराच अवकाश आहे.

आता सायनाइड. मेसेजमधलं हे वाक्य लिहिणाऱ्याला कोपरापासून नमस्कार. अहो, मासा जागीच मेला तर तो विकणार कुणाला? मारायला वापरतच नाहीत ते, गुंगवायला वापरतात. फिलिपिन्समध्ये 1960 च्या दशकात ही पद्धत सुरू झाली. सोडियम सायनाइडच्या गोळ्या कुटून समुद्राच्या पाण्यात विरघळवायच्या, ते पाणी प्लास्टिकच्या दाबायच्या बाटलीत भरायचं, बुडी मारायची आणि प्रवाळाच्या ज्या कपारीत मासा दडलाय तिथे पिचकारी मारायची. मासा गुंगून झोकांड्या खातो, हाताने उचलता येतो. कपारीत आत अडकला तर प्रवाळ पहारीने फोडतात. पिचकारी बसलेलं प्रवाळ पांढरं पडून मरतं ते वेगळंच, आणि ते पुन्हा वाढायला वर्षानुवर्षं लागतात.

मासा स्वच्छ पाण्यात शुद्धीवर येतो. रंग छान, पोहणं छान. आतून यकृताला इजा झालेली असू शकते, आणि मग काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी तो तुमच्या टाकीत मरतो. तुम्ही मात्र पाण्याची क्षारता तपासत बसता, हीटर बदलता, स्वतःला दोष देता. दुकानाच्या काचेबाहेरून बघून हे ओळखायची सोय नाही. म्हणजे ‘पोहतोय’ हा पुरावा कशाचाच नाही.

अथांग समुद्राबद्दल एवढंच, की मासा अख्ख्या समुद्रात राहत नसतो. भाच्याला हवा असलेला बांगाई कार्डिनल मूळचा इंडोनेशियातल्या बांगाई बेटांभोवतीचाच. मोजकी अंडी, ती नर तोंडात उबवतो, पिल्लंसुद्धा काही दिवस तोंडातच ठेवतो. पिल्लं प्रवाहाबरोबर लांब जात नाहीत, त्यामुळे एका जागचे मासे उपसले तर दुसरीकडून भर पडत नाही. व्यापार जोरात असताना वर्षाला लाखांनी काढले गेले आणि 2007 मध्ये तो धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत गेला.

मच्छीमाराच्या पोटाचा मुद्दा अर्धा खरा आहे, नाइलाजाने मान्य करतो. हातजाळीने, बेताने पकडलं तर मासेही टिकतात आणि रोजगारही. हवाईच्या पश्चिम किनाऱ्याचा सुमारे 35 टक्के भाग 1999 च्या अखेरीस या मासेमारीला बंद केला, आणि त्या भागात पिवळ्या टँगची संख्या वाढली. उरलेल्या किनाऱ्यावर पकडणारेही पुढे कित्येक वर्षं कमावत होते. पण ते नियम पाळल्यामुळे. मेसेजमध्ये नियमाचा उल्लेख औषधालाही नाही. आणि पिचकारीवाल्याला मिळतं काय? नगावर मोजलेले चार पैसे.

बरकतीबद्दल काय बोलणार! समुद्रघोडा 2001 मध्येच वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला. घरी वनखात्याची माणसं येतील, लक्ष्मी नाही.

भाच्याला कळवलंय: मँडरिन रद्द कर. तो बारीक जिवंत जीव टिपून खातो, नव्या टाकीत उपाशी मरेल. बांगाई हवाच तर हॅचरीतला घे, थायलंडमध्ये त्याची पैदास होते. दुकानदाराला विचार, कुठून आला, कशाने पकडला, आणि पैसे द्यायच्या आधी तुझ्यासमोर त्याला खायला घालायला सांग. उत्तर द्यायला टाळाटाळ केली तर सध्या क्लाऊनफिशवर भागव.