फळीखालचा इतिहास

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या टेक मॉडेल रेलरोड क्लबचं, म्हणजे मॉडेल रेल्वे करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या क्लबचं, नाव निघालं की गाडी दोन मिनिटांत कॉम्प्युटरच्या रुळावर जाते. ‘हॅक’ शब्दाचं माहेर हेच, पीडीपी-१ या जुन्या कॉम्प्युटरवरच्या स्पेसवॉर या खेळाचे कंट्रोल बॉक्स क्लबच्याच सुट्या भागांतून झाले, वगैरे. सगळं खरं आहे. पण यात रेल्वे कुठे गेली? माझं मत असं की या क्लबचा खरा इतिहास फळीखालच्या वायरिंगचा आहे, आणि आपल्याकडे चार जण मिळून लेआउट (फळीवर मांडलेली छोटी रेल्वे) करायला घेतात तेव्हा त्यांनी शिकायचं तेही तिथूनच.

क्लब सुरू झाला १९४६ साली. जागा बिल्डिंग २० मध्ये. १९४३ मध्ये रडार संशोधनासाठी घाईघाईनं बांधलेली ही लाकडी इमारत युद्धानंतर पाडायची होती, ती उभी राहिली १९९८ पर्यंत. तिथे भिंतीला भोक पाडलं तर कोणी जाब विचारत नसे. वायरी ओढणाऱ्यांना आणखी काय हवं?

स्केल एचओ, म्हणजे १:८७, रुळांतलं अंतर १६.५ मिमी. (आपल्या ब्रॉडगेजला याच प्रमाणात १९.२ मिमी लागेल. म्हणून भारतीय इंजिनाचं मॉडेल तयार रुळांवर ठेवलं की पाय जवळ घेऊन उभं असल्यासारखं दिसतं.)

आता मूळ अडचण. दोन रुळांतून १२ व्होल्ट डीसी जातो. व्होल्टेज कमी-जास्त केलं की वेग बदलतो, प्लस-मायनस उलटे केले की दिशा. म्हणजे तुम्ही इंजिन चालवतच नसता, रूळ चालवत असता. त्याच रुळावर दुसरं इंजिन ठेवलं तर तेही सोबत निघतं. उपाय एकच : रूळ जागोजागी कापून ब्लॉक पाडायचे, प्रत्येक ब्लॉकला वेगळी वायर द्यायची, आणि कोणत्या ब्लॉकला कोणाचा कंट्रोलर जोडायचा ते स्विचनं ठरवायचं. दोन चालक आणि दहा ब्लॉक असतील तर मधे ‘बंद’ असलेले दहा टॉगल स्विच पुरतात. पाच चालक आणि वीस ब्लॉक झाले की शंभर जोडण्या होतात. शिवाय गाडी पुढच्या ब्लॉकमध्ये शिरण्याआधी तो आपल्याकडे घ्यायचा आणि मागचा सोडायचा. लक्ष गाडीवर ठेवणार की स्विचवर?

क्लबच्या ‘सिग्नल्स अँड पॉवर’ कमिटीच्या लक्षात आलं की हे काम टेलिफोन एक्स्चेंज रोजच करतं, कोणत्याही माणसाला कोणत्याही लाइनशी जोडायचं. वेस्टर्न इलेक्ट्रिककडून एक्स्चेंजचं सामान देणगीत मिळत होतंच. मग फोनची तबकडी फिरवून ब्लॉक मागायचा, रिले (विजेनं उघडझाप होणारे स्विच) खटाखट बसणार आणि रूळ तुमचा. १९६२ पर्यंत फळीखाली सुमारे १२०० रिले होते. खोलीत ठिकठिकाणी आणीबाणीचे स्विच होते. गाडी आदळणार असं दिसलं की कोणीही ते दाबायचं, मग सगळं थांबे आणि रिलेंवर चालणाऱ्या घड्याळात वेळेच्या जागी ‘फू’ ही अक्षरं येत.

आज १२०० रिले लावा असं मी म्हणत नाही. पण ‘डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) घेतलं की दोन वायरींत काम होतं’ हे दुकानी वाक्यही पटत नाही. डीसीसीमध्ये हुकूम थेट इंजिनातल्या डीकोडर या चिपला जातो, ब्लॉक-स्विचची कटकट जाते, हे मान्य. वीज मात्र रुळातूनच जाते. रुळाच्या जोडपट्टीवर भरवसा ठेवू नका, तिच्या आत ऑक्साइड धरतं आणि गाडी दूरच्या टोकाला रेंगाळते. फळीखालून २.५ चौ. मिमीची मुख्य जोडी न्या आणि दर मीटरला ०.५ चौ. मिमीच्या छोट्या वायरी रुळांना सोल्डर करा. मग सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात दोन्ही रुळांवर नाणं आडवं टाका. बूस्टर (रुळांना वीज पुरवणारा डबा) तत्काळ बंद पडला तर ठीक. नाही पडला तर वायर बारीक आहे किंवा जोड कच्चा आहे, आणि एखादं इंजिन घसरून शॉर्ट होईल तेव्हा तिथेच चाकांजवळचं प्लॅस्टिक वितळेल.

वळसा घेऊन गाडी त्याच रुळावर परत आणणारा लूप असेल, तर डावा रूळ उजव्याला भेटतो आणि शॉर्ट होतो. डीसी असो वा डीसीसी, लूपच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापावे लागतात, आणि कापलेला तुकडा सर्वांत लांब गाडीपेक्षा लांब ठेवावा लागतो. तुकडा छोटा पडला तर एका टोकाला इंजिन आणि दुसऱ्या टोकाला धातूच्या चाकांचा शेवटचा डबा एकाच वेळी फट ओलांडतात, आणि पुन्हा शॉर्ट.

ब्लॉकमध्ये गाडी आहे की नाही हे विजेच्या प्रवाहावरून ओळखणारं सर्किट लावलं, तर ते डबे ओळखत नाही. तुटून मागे राहिलेले चार डबे त्याच्या लेखी नसतातच. म्हणून धातूची चाकं लावून एका आसावर १० किलोओहमचा रेझिस्टर बसवतात. १२ व्होल्टला १.२ मिलिअँपिअर, एवढं सर्किटला पुरतं.

रूळ काळे पडले की सँडपेपर घासणं हा तर गुन्हाच. प्रत्येक चरा पुढची घाण धरून ठेवतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड घ्या. मुंबई-कोकणात पावसाळ्यात फुगलेलं प्लायवूड नंतर सुकून आक्रसतं, तेव्हा कापलेली फट आपोआप मिटते आणि काल चालणारा लेआउट आज शॉर्ट दाखवतो. फटीत प्लॅस्टिकची चकती चिकटवून ठेवली की हा त्रास वाचतो.

बिल्डिंग २० पाडायची वेळ आली तेव्हा क्लब एन५२ या इमारतीत गेला आणि लेआउट नव्यानं उभा करावा लागला. तयार डीसीसी घेण्याऐवजी त्यांनी पुन्हा ब्लॉकच पाडले. रिलेंच्या जागी सुमारे ४० पीआयसी मायक्रोकंट्रोलर (एका चिपवरचे छोटे कॉम्प्युटर) आले, त्यांच्यावर हुकूम चालवायला लिनक्सवर चालणारा एक कॉम्प्युटर. तिथे एमआयटीच्या ग्रीन बिल्डिंगचं मॉडेल आहे, त्याच्या खिडक्यांतल्या दिव्यांवर टेट्रिस खेळता येतं. फोटो सगळे त्याचेच काढतात.

पुण्यात कोथरूडला जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयातही तेच होतं. सगळे गाड्यांचे व्हिडिओ घेतात. पुढच्या वेळी गेलात तर निदान पाच मिनिटं वाकून फळीच्या कडेखाली बघा.