भीती वाटली म्हणजे विश्वास कमी पडला काय?

आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज पहाटे एक वचन येतं, मागं सूर्योदय, कोपऱ्यात कबूतर. त्यात सगळ्यात जास्त फिरणारं म्हणजे बायबलमधल्या यिर्मया 29 चं 11वं, देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचेच संकल्प आहेत ते. वचन चांगलंच आहे, आमच्या लग्नाच्या पत्रिकेवर पण होतं. पण त्याच्या बरोबर वरचं 10वं कुणी फॉरवर्ड करत नाही, कारण त्यात लिहिलंय की हे सगळं होणार, पण बाबेलात 70 वर्षं भरल्यावर. सत्तर! हे यिर्मया संदेष्ट्यानं बाबेलात कैद करून नेलेल्या यहुद्यांना लिहिलेलं पत्र. ज्यांना ते गेलं त्यातल्या कितीतरी जणांची तोवर माती झाली असणार. आणि तोपर्यंत करायचं काय, तर घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला पकडून नेऊन टाकलंय त्याच शहरासाठी प्रार्थना करा. म्हणजे वनवास संपला नाही, पण जगणं चालू ठेवा.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे सध्या जो तो टेन्शनमधे आहे. शिरोलीच्या कारखान्यांत कामं कमी, ओव्हरटाइम बंद, कुणाच्या घरात आजारपण, टीव्ही लावला की कुठंतरी लढाई. आणि प्रार्थना सभेत कुणी धीर करून "मला रात्रीची झोप लागत नाही" म्हटलं की दोघंतिघं तयारच असतात, "ब्रदर, विश्वास कमी पडतोय तुमचा." मला लई राग येतो याचा. आधीच तो माणूस घाबरलाय, आता त्याला देव पण नाराज झाला अशी वर भीती घालायची.

क्रूसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता असं लूक सांगतो. हा दुःखाचा प्याला टळत असेल तर टळू दे असं तो बापाकडं मागत होता, आणि जवळचे दोस्त तिथंच झोपलेले. त्याचा विश्वास कमी पडला होता म्हणायचं काय? आणि एलिया घ्या. एवढा मोठा संदेष्टा, ईजबेल राणीच्या जिवे मारायच्या धमकीनं पळाला, झुडपाखाली बसून म्हणाला आता मला मरू दे. देवदूतानं त्याला भाषण दिलं नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकरी आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवलं, ऊठ, खा म्हणाला. एलियानं खाल्लं आणि परत झोपला. देवदूतानं झोपू दिलं, मग परत उठवून परत खायला घातलं. आपल्या सभांमधे हे कुणाला सुचत नाही, थेट उपास धरायला सांगतात.

2019 चा ऑगस्ट कोल्हापूरकरांना सांगायला नको. आमचं घर तेव्हा शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या अंगाला. पावसाळ्यात आमच्याकडं एकच प्रश्न असतो, बंधाऱ्यावर किती फूट झालं? पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटाला इशारा, 43 ला धोका, हे आमच्या शाळेतल्या पोरांना पण पाठ. त्या साली आकडा 55 च्या वर गेला. हायवे बंद, दूध नाही, पेट्रोल नाही, सगळीकडं पाणी आणि नळाला मात्र थेंब नाही कारण उपसा केंद्रंच बुडालेली. तर रात्री पाणी पायरीला लागलं तेव्हा आई थरथरत होती, तिच्या बांगड्यांचा आवाज मला ऐकू येत होता. ती मोठ्यानं म्हणाली, "प्रभू, भ्या वाटतंय. हात धर." एवढीच प्रार्थना, आमेन पण म्हटली नाही. आणि लगेच माझ्याकडं वळून, मेन स्विच पाड, सिलिंडर काढून वर ने, माझ्या बीपीच्या गोळ्या आणि रेशनकार्ड डब्यात घाल, आणि शेजारच्या आजींना आधी बाहेर काढ, त्यांच्याच्यानं जिना होत नाही. थरथर थांबली नव्हती हं. थरथरतच सगळं सांगत होती.

शांती म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगतो. पोटात गोळा असतो, पण त्या वेळचं काम दिसतं, आणि आपल्यापेक्षा जास्त अडचणीत कोण आहे ते पण दिसतं. आमच्यात काही लोक शांती म्हणजे एकदम बधिर झाल्यासारखं काहीतरी समजतात, मला ते पटत नाही. आम्ही नंतर आर. के. नगरला मावशीकडं राहिलो. पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर चिखल, फ्रीज आडवा, कपाट फुगलेलं. आईनं सगळ्यात आधी चूल मांडायपुरती जागा धुतली.

प्रेषित पौलाचा रोमला जातानाचा प्रवास वाचा, बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये 27. कैदी म्हणून चाललाय, तुफान आलं, कितीतरी दिवस ना सूर्य ना तारे, जहाजावर 276 माणसं. देवदूत येऊन सांगून गेलाय की कुणाचा जीव जाणार नाही. तरी पौल हात जोडून बसला नाही. खलाशी गुपचूप होडी सोडून पळायला बघत होते, ते त्यानं शताधिपतीला, म्हणजे रोमी शिपायांच्या अधिकाऱ्याला सांगितलं. चौदाव्या रात्री सगळ्यांना म्हणाला, काहीतरी खाऊन घ्या. भाकर घेतली, सगळ्यांदेखत देवाचे आभार मानले आणि स्वतः खायला लागला, मग बाकीच्यांना धीर आला. आणि जहाज? फुटलं की. लोक फळ्या धरून काठाला लागले. माणसं वाचतील असंच वचन होतं, जहाज वाचेल असं नव्हतं. आपण प्रार्थना करतो ती नेमकी जहाजासाठी.

आपल्या मराठी मातीतलं बघायचं तर पंडिता रमाबाई. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, मग भाऊ, मग नवरा. त्याच बाईनं 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना आणून केडगावला सांभाळलं. हिब्रू, ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं. 1921 ला एकुलती लेक मनोरमा गेली, आणि पुढच्याच वर्षी रमाबाई गेल्या. एवढं सोसलेल्या बाईला भीती कधी वाटलीच नसेल असं मला अजिबात वाटत नाही.

आता काही जण कमेंटमधे लिहिणार, की बायबलमधे ठिकठिकाणी "भिऊ नको" सांगितलंय. बरोबर आहे. पण ते कुणाला सांगितलंय बघा, जे भ्यायलेत त्यांनाच. आणि ते दरडावून सांगितलंय असं मला वाचताना कधी वाटलं नाही, आई लेकराला जवळ घेऊन म्हणते तसं वाटतं.

यावर ज्यांना वाद घालायचाय त्यांनी रविवारी उपासनेनंतर या, चहा माझ्याकडं. फक्त येताना कृत्ये 27 पूर्ण वाचून या, ग्रुपवर येतं तेवढं एकच वचन नको.