पोतंभर कोळशानं पंचगंगा निवळत नाही

सध्या ऊस उत्पादकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचं सार असं: उसाचा पाला नाहीतर गुऱ्हाळाची चिपाडं जाळून बायोचार, म्हणजे शेतातल्या काडीकचऱ्याचा कोळसा, करा, एका पोत्यात भरा आणि मोटारीच्या फुटव्हॉल्व्हला, म्हणजे नदीत बुडालेल्या पाईपच्या तोंडाशी असलेल्या झडपेला, बांधा. कोल्हापूरच्या पंचगंगेचं पाणी कितीही घाण असू दे, रंग, जड धातू, क्षार, जंतू सगळं कोळसा शोषतो. महिन्याभरानं तोच कोळसा सरीत टाका, खताचं काम करतो. आणि शेवटी टोला: कारखान्यांच्या आणि पालिकेच्या नावानं शिमगा करण्यापेक्षा शेतकऱ्यानंच हे करावं.

बायोचार ही थाप नाही, हे आधीच सांगतो. त्याच्यावर जगभर काम झालंय आणि अजून चालू आहे. थाप आहे ती ह्या मजकुरात.

'चुलवाणातली काळी राख म्हणजेच बायोचार.' नव्हे. चुलवाण म्हणजे गुऱ्हाळाची भट्टी, ती पेटती ठेवायला हवा लागते आणि चिपाड पुरतं जाळणं हेच तर जाळ घालणाऱ्या जळव्याचं कसब. मागं उरते ती राख, त्यात चार काळे कण. बायोचार होतो तो हवा कोंडून, साधारण ३५० ते ७०० अंश सेल्सिअसला. शेतात करायचा तर शंकूसारखा खड्डा काढून थोडा थोडा वाळका पाला टाकत जायचं. वरची ज्योत हवा खाते, खालचा थर न जळता कोळसा होतो. वरच्या थरावर पांढरी झाक दिसायला लागली की पुढचा थर टाकायचा आणि खड्डा भरला की पाणी ओतून विझवायचा. ओल्या तळव्यावर चिमूटभर चोळून बघा. राख साबणासारखी बुळबुळीत लागते, कारण ती अल्कधर्मी असते. चांगला कोळसा कुरकुरतो आणि नुसत्या पाण्यानं हात स्वच्छ होतो. बोटं तेलकट राहिली तर आत डांबर शिल्लक आहे, असला माल पाण्यात सोडू नये.

'क्षारही शोषतो.' ह्या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला, कारण शिरोळ भागातल्या क्षारपडीत, म्हणजे मीठ साठून बिघडलेल्या जमिनीत, हात पोळलेला माणूस ह्याच वाक्याला भुलणार. बायोचारच्या पृष्ठभागावर बहुतेक ऋण भार असतो. शिसं, कॅडमियम, तांबं यांचे धन भाराचे कण तो धरतो, अमोनियम थोडाफार धरतो, अॅट्राझीनसारखं तणनाशकही बऱ्यापैकी धरतो. पण पाण्यात विरघळलेलं साधं मीठ, म्हणजे सोडियम आणि क्लोराइड, त्याच्या हातून जवळजवळ तसंच निसटतं. नायट्रेटलाही तो फारसा विचारत नाही. उलट नवा, न धुतलेला कोळसा स्वतःची राख आणि पालाश पाण्यात सोडतो, म्हणजे सुरुवातीला पाण्याची क्षारता वाढूही शकते.

आता कापडाचं गाव असलेल्या इचलकरंजीकडचं रंगाचं पाणी घ्या. सुती कापडाला रिॲक्टिव्ह रंग देताना रंग धाग्यावर बसावा म्हणून मीठ किंवा सोडियम सल्फेट भरपूर वापरतात. हे रंग ऋण भाराचे असल्यानं साध्या बायोचारला चिकटायला नाखूष, आणि मीठ तर तसंच पुढं जातं. प्रयोगशाळेतल्या ज्या फोटोत निळं पाणी पांढरं झालेलं दिसतं तो रंग बहुधा मिथिलीन ब्लू असतो. तो धन भाराचा, कोळशाला झटकन चिकटणारा. बरं, समजा रंग गेलाच आणि पाणी नितळ दिसलं, तर शेतकरी ते निर्धास्त सोडणार आणि मीठ जमिनीत साठत राहणार. क्षारपड सुधारते ती निचऱ्यानं, जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून आणि पाणी मोजून देऊन. सोडियम जास्त असेल तिथं जोडीला जिप्सम. त्याला कोळशाची पळवाट नाही.

'एक पोतं पुरतं.' इथं कागद-पेन घेऊन बसावं. एकरभर उसाला पाटानं तीन इंचाची एक पाळी दिली की सुमारे ३ लाख लिटर पाणी जातं. प्रयोगात लिटरला १ ग्रॅम हा मोठा डोस नव्हे, आणि तोही तासन् तास ढवळून. त्या हिशेबानं एका पाळीला ३०० किलो कोळसा हवा. एकरी पाला निघतो तीन-चार टन, त्याचा कोळसा होतो पाव ते तिसरा हिस्सा, म्हणजे टनभर. तीन पाळ्यांत वर्षाचा पाला संपला. ऊस तीन पाळ्यांत येतो का? आणि सेकंदाला १० लिटर ओढणाऱ्या मोटारीपुढं पोत्याचं काय चालणार? पाणी पोत्याला वळसा घालून आत शिरतं. आतून गेलं तरी काही सेकंदांत बाहेर. ठिबकवाल्यांनी तर ह्या वाटेला जाऊच नये, कोळशाची भुकटी ड्रीपरमध्ये बसली की लॅटरल धूत बसावं लागेल.

जंतूंचं थोडक्यात. वाळू आणि बायोचारच्या गाळणीतून पाणी सावकाश झिरपलं तर जंतू कमी होतात, संपत नाहीत. फुटव्हॉल्व्हवर सावकाश काहीच नसतं. आणि साखर कारखान्याच्या मळीच्या पाण्यानं नदीतला प्राणवायू संपून मासे तरंगतात, तेव्हा कोळसा प्राणवायू कुठून आणणार?

'वापरलेला कोळसा सरीत टाका.' मजकूर इथं स्वतःच्याच पायात पाय अडकवून पडतो. कोळशानं शिसं आणि कॅडमियम खरंच धरलं असेल तर ते आता कोळशात आहे, आणि तुम्ही ते उचलून मुळाशी नेऊन ठेवताय. काही धरलंच नसेल तर गाळणीचा उपयोग काय झाला? शिवाय जमिनीत भरपूर बायोचार गेला की लागणीनंतर मारलेलं तणनाशकही तो ओढून घेतो, आणि भांगलणीचा खर्च परत अंगावर.

मग हा कोळसा वापरायचा कुठं? पाणी थोडं, संथ आणि घाण ओळखीची असेल तिथं. आपल्याकडं फवारणीचा पंप विहिरीच्या काठावरच धुतात. त्याऐवजी बांधावर प्लॅस्टिक अंथरलेल्या खड्ड्यात माती, कंपोस्ट आणि बायोचार भरून धुवण त्यात जिरवलं तर औषध तिथंच अडकतं आणि हळूहळू कुजतं. रोपवाटिकेच्या टाकीला वाळूच्या थराखाली कोळशाचा थर देता येईल, मात्र तो वेळेवर बदलायला हवा.

राहिला शेवटचा टोला. नदीत मिसळल्यावर घाण लाखो लिटरांत पसरते, मीठ तर काढताच येत नाही. कारखान्याच्या किंवा नाल्याच्या तोंडाशी तीच घाण कमी पाण्यात, घट्ट असते. शोषून घेण्याचं तंत्र चालायचं तर तिथंच चालेल. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानं जबाबदारीही सोडणाऱ्यावरच टाकलीय, उपसणाऱ्यावर नाही. शेतकऱ्यानं पोत्यावर पैसे घालण्याआधी आपल्या जॅकवेलचं, म्हणजे नदीकाठच्या उपसा विहिरीचं, पाणी उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा तपासून घ्यावं. क्षारता आणि सोडियमचं प्रमाण, एवढे दोन आकडे पाणीपुरवठा संस्थेच्या फळ्यावर लागले तरी पुढच्या सभेत बोलायला कागद हातात राहील.