आय अ‍ॅग्री दाबा, बाकीचं गल्लीतला पोरगा बघेल

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट (म्हणजे मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे सिक्युरिटी अपडेट) संपला म्हणे, पण तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका, कारण टेन्शन घ्यायला आधी ती सूचना वाचावी लागते आणि तुम्ही ती न वाचता फुलीवर क्लिक करण्यात आता चांगलेच तरबेज झालायत. पीसी चालू होतोय ना? मग झालं तर. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला गेला, सेव्हनचा १४ जानेवारी २०२० ला, तरी कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात डोकावून बघा, कोपऱ्यात एक तरी म्हातारं मशीन धापा टाकत चालूच असतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभरच्या मशीन लॉक केल्या, त्यातल्या बहुतेक सेव्हनवाल्या होत्या आणि त्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मार्चमध्येच येऊन पडला होता, हे कोणी शहाण्याने ऐकवलं तर त्याला म्हणायचं, "आमच्याकडे काय आहे चोरायला?" हे म्हणताना शेजारच्या टॅबमध्ये नेटबँकिंग उघडं असलेलं बरं.

आता अपग्रेड करायचंच ठरवलं असेल तर सगळ्यात आधी बॅकअप घेऊ नका. बॅकअप घेणारी माणसं मुळात संशयी स्वभावाची असतात. मुलांचे फोटो, इन्कम टॅक्सच्या पीडीएफ, सोसायटीचा हिशोब, सगळं डेस्कटॉपवरच ठेवा, म्हणजे सी ड्राइव्हवर, म्हणजे फॉरमॅट मारताना एका फटक्यात साफ.

मग विंडोज ११. हिला टीपीएम २.० लागतं (मशीनच्या आतली सुरक्षेच्या किल्ल्यांची तिजोरी), सिक्युअर बूट लागतं (चालू होताना अनोळखी सॉफ्टवेअरला आत न घेणारा पहारेकरी), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. मशीन २०१६-१७ नंतरचं असेल तर टीपीएम बऱ्याचदा आतच असतं, नुसतं बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) बंद करून ठेवलेलं असतं, इंटेलवाले त्याला पीटीटी म्हणतात आणि एएमडीवाले एफटीपीएम. पण हे शोधत बसायची काही गरज नाही, सरळ दुकानदाराला विचारा, तो "मदरबोर्ड चेंज करावा लागेल" असं सांगेल आणि त्याचाही दिवस चांगला जाईल. स्वतः बायोसमध्ये शिरलातच तर बूटची जुनी पद्धत लेगसी, तिच्यावरून थेट नवी यूईएफआय करून टाका, डिस्कची मांडणी जुनी एमबीआर आहे की नवी जीपीटी हे अजिबात बघू नका, आधी कन्व्हर्ट करणं वगैरे भित्र्या लोकांची कामं. काळ्या स्क्रीनवर बूट डिव्हाइस सापडत नाही असं आलं की समजा तुम्ही बरोबर मार्गावर आहात. रुफस (पेनड्राइव्हवर विंडोज भरायचं टूल) वापरून टीपीएमची अट चुकवता येते हे आता सगळ्यांना ठाऊक आहे, ते खुशाल करा, आणि मग जुन्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरवर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती बूटच होत नाही म्हणून मायक्रोसॉफ्टला शिव्या घाला (त्या प्रोसेसरमध्ये पॉपसीएनटी नावाची इन्स्ट्रक्शनच (प्रोसेसरला कळणारी आज्ञाच) नाही, तिला कुठून बायपास करणार, पण शिव्या घालायला काय जातंय).

डीटीपीवाल्यांना, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं मांडणाऱ्यांना, तर माझा खास सल्ला. तुमच्याकडे २००१ चं पेजमेकर ७ आहे, जुने मराठी फॉन्ट आहेत, त्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (ज्याच्याशिवाय ते चालत नाही ती छोटी किल्ली) मागे खोचलेलं आहे, आणि वीस वर्षांच्या लग्नपत्रिका त्यात अडकलेल्या आहेत. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते, ३२ बिटच्या १० वरून थेट तिच्यावर जाता येत नाही, फ्रेश टाकावी लागते, १६ बिटचे जुने इन्स्टॉलर तिच्यावर उघडतसुद्धा नाहीत आणि डोंगलला ६४ बिटचा ड्रायव्हर नसेल तर ते नुसतं दिवा लागणारं प्लास्टिक. म्हणून हे सगळं ऐन लग्नसराईत करा, गुरुवारी संध्याकाळी, कार्ड शनिवारी द्यायचं असताना. युनिकोड (कुठल्याही मशीनवर मराठी सारखीच वाचता येणारी पद्धत) येऊन जमाना झाला हे कस्टमरला माहीत नाही, तर तुम्ही कशाला माहीत करून घ्यायचं?

आता लायसन्स. ते लांबलचक पान येतं ना, ते वाचू नका, खाली जाऊन आय अ‍ॅग्री. त्यात लिहिलेलं असतं की सॉफ्टवेअर तुम्हाला विकलेलं नाही, नुसतं वापरायला दिलंय, म्हणजे दादरच्या पागडीच्या खोलीसारखं, पैसे मोजलेत, राहताय पण तुम्हीच, तरी मालक वेगळाच. त्यातही दोन जाती. ओईएम म्हणजे मशीनबरोबर आलेली, ती त्या मदरबोर्डला चिकटलेली, मशीन गेलं की तीही गेली. रिटेल म्हणजे वेगळी विकत घेतलेली, ती जुन्यावरून काढून नव्यावर टाकता येते. तुमची कुठली हे बघायला कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर स्लॅश डीएलआय एवढंच टाईप करायचं असतं, दहा सेकंदांचं काम, म्हणूनच कोणी करत नाही. २०१२ नंतर विंडोजसकट आलेल्या ब्रँडेड लॅपटॉपमध्ये लायसन्सचा नंबर, म्हणजे की, बहुतेक वेळा बायोसमध्येच भरलेली असते, म्हणजे तुमच्या त्या जुन्या लॅपटॉपला लायसन्स होतंच, १० वरून ११ वर जाणंही फुकटच होतं, आणि तरी तुम्ही दुकानात पाचशे रुपये देऊन त्यावर क्रॅकवाली विंडोज मारून घेतलीत. याला म्हणतात खर्चिक काटकसर.

क्रॅक मात्र व्यवस्थित समजून घ्या. मोठ्या कंपन्यांमध्ये एक सर्व्हर असतो, सगळ्या मशीन त्याला विचारून अ‍ॅक्टिव्हेट होतात आणि ते १८० दिवस टिकतं. क्रॅक काय करतो, तर तुमच्याच पीसीवर तसला खोटा सर्व्हर बसवतो. तो बसवायच्या आधी अँटिव्हायरस बंद करा असं सांगतो आणि तुम्ही करता. बँकेचा ओटीपी कोणाला सांगू नये हे ज्यांना तोंडपाठ आहे तीच मंडळी एका अनोळखी झिप फाइलला अ‍ॅडमिनचा पासवर्ड देतात, आणि ती झिप उघडायला वापरतात विनरार, ज्याची ४० दिवसांची ट्रायल त्यांच्याकडे २००९ पासून चालू आहे.

क्रॅक नको असेल तर ऑनलाइन तीनशे रुपयांत "लाइफटाइम की" मिळते, ती घ्या. ती कुठल्यातरी ऑफिसच्या व्हॉल्यूम लायसन्समधून (एकदम बऱ्याच मशीनसाठी घेतलेल्या) आलेली असू शकते आणि लाइफटाइम कोणाचं ते त्यात लिहिलेलं नसतं. बिल आलं म्हणजे लायसन्स आलं असं समजून निवांत झोपा. कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये कलम ६३ बी आहे, माहीत असून बेकायदा कॉपी वापरली तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड, धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद माफ करून पन्नास हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. पण आपल्याला माहीतच नव्हतं ना? हा लेख वाचेपर्यंत तरी नव्हतं. सॉरी हं.

विंडोज ११ टाकताना अकाउंट मागते, तिथे काहीतरी मेल आयडी बनवा आणि पासवर्ड विसरून जा. बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होते आणि तिची ४८ आकडी रिकव्हरी की त्याच अकाउंटमध्ये जाऊन बसते. पुढे कधी बायोसला हात लावलात की ती की मागितली जाईल, तेव्हा घरातल्या सगळ्यांना एकेक करून ओरडून विचारा. आणि १० वरच राहायचं असेल तर नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळण्याची सोय मायक्रोसॉफ्टने दिली होती, सेटिंग्जचा बॅकअप ऑन केला तर तीही फुकटात, पण त्यासाठी सेटिंग्ज उघडावं लागत होतं, जाऊ द्या.

एवढ्यात इंजिनिअरिंगला असलेला भाचा येईल आणि म्हणेल, मामा, एक एसएसडी (वेगवान डिस्क) घाला आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाकू या, तुमचं काम ब्राउझर आणि दोन एक्सेल फाइल एवढंच तर आहे, एक्सेलसारखं काम करणारं लिब्रेऑफिस आहे, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आतच आहे, आणि लिनक्सचं जीपीएल लायसन्सच असं आहे की शेजाऱ्याला कॉपी करून दिलीत तरी चालतं, अगदी विकलीत तरी चालतं. त्याला प्रेमाने चहा द्या. आणि सांगा, की बाबा, कायदेशीर आहे आणि वर फुकटही आहे म्हणतोस म्हणजे नक्की व्हायरस असणार त्यात, आपल्याला असलं काही नको. मग गल्लीतल्या पोराला फोन लावा आणि म्हणा, ये रे, पेनड्राइव्ह घेऊन ये, आणि ओरिजिनलच मार हां, क्रॅकसकट.