पडदा लावा, मराठी आपोआप येईल

वर्गात मराठी शिकवायची आहे ना? मग आधी तो फळा काढा. पुसून पुसून करडा पडलेला फळा तपासणीला आलेल्या साहेबांच्या नजरेला पडला, तर शाळा मागासलेली ठरते. त्या जागी मोठा डिजिटल पडदा लावा, नारळ फोडा, हार घातलेल्या पडद्याचा फोटो ग्रुपवर टाका. निम्मा अभ्यासक्रम झालाच.

वीज गेली की पाढे घ्या.

आता अक्षरं. पाटीवर 'ल' गिरवून घेत बसू नका. मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणं सरकारनं २००९ साली शासन निर्णय काढून ठरवून दिली खरी, पण बहुतेक फॉन्टांपर्यंत तो अजून पोचलेला नाही. पडद्यावर हिंदी वळणाचाच 'ल' उमटतो. पुस्तकात एक, पडद्यावर दुसरा. एखादीनं विचारलंच, "बाई, यातला खरा कुठला?" तर "परीक्षेला नाही" म्हणा आणि पुढची स्लाइड घ्या.

उच्चारही यंत्रावर सोडा. 'चार गुरं चार' हे त्याच्याकडून वाचून घ्या. पहिला च चिमणीतला, दुसरा चमच्यातला, हे गुरांमागं फिरणाऱ्या पोराला न शिकवता येतं. आमच्या वर्गातलं यंत्र दोन्हीकडे चिमणीच बसवतं. पोरं हसली तर त्यांना बाहेर उभं करा. पद्धत जुनी आहे, पण तिला अजून अॅप निघालेलं नाही.

मग टायपिंग. 'सह्याद्रीच्या दऱ्या' एवढंच लिहायला सांगा. पाटीवर हा 'ऱ्या' म्हणजे पेन्सिलीचा एक फटकारा. कीबोर्डवर मात्र र, हलन्त, य अशा सरळ वाटेनं गेलं की 'दर्या' होतो. तासाभरात निम्मा वर्ग डोंगर उतरून समुद्रात पोचलेला असेल.

निबंध तर बिनधास्त यंत्राकडूनच लिहून घ्या. चाळीस वह्यांत 'माझी आई' एकाच साच्यातली निघेल, निघू दे. गाइडाच्या काळातही चाळीस जणांची आई पहाटे पाचलाच उठायची. उतरवून काढताना अक्षर तेवढं सुधारायचं, ते आता राहिलं.

तपासायचं कामही यंत्रालाच द्या. क्वचित एखादं पोर स्वतःच्या मनानं लिहून बसतं: 'माझी आई दिवाळीपासनं ऊसतोडीला गेली हाय. मी आजीपाशी ऱ्हातो.' गडबडून जाऊ नका, वाचत तर मुळीच बसू नका. यंत्रानं 'हाय'खाली लाल रेघ मारलेली आहेच.