पावणेसातचा नाश्ता आणि धंद्याची भरभराट

धंदा चांगल्या कामावर चालतो, ही अंधश्रद्धा आधी सोडा. भोसरीच्या शेडमध्ये तुम्ही वर्षानुवर्षं पावडर कोटिंग करत असाल, तुमच्या रंगाचा पोपडा आजवर निघाला नसेल, पण एकमेकांना धंदा मिळवून देणाऱ्या नेटवर्किंग ग्रूपच्या बैठकीत, सकाळी पावणेसातला हॉटेलच्या हॉलमध्ये ब्लेझर घालून टाळ्या वाजवत नसाल, तर तुम्ही उद्योजक नव्हेत, नुसते कामकरी. तेव्हा पहिली गुंतवणूक ब्लेझरची. मे महिन्यात त्यात जीव गुदमरतो, पण हॉलला एसी असतो आणि पार्किंगपर्यंत तो हातावर टाकून नेता येतो.

ही कल्पना तशी जुनी आहे. १९०५ च्या फेब्रुवारीत शिकागोमध्ये पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी गोळा केला. आळीपाळीने एकमेकांच्या ऑफिसात बसायचं, म्हणून क्लबचं नाव पडलं रोटरी. सुरुवातीला ही मंडळी कोणी कोणाला किती धंदा दिला याची रीतसर नोंद ठेवत. सगळं छान चाललं होतं. पण दोन-तीन वर्षांत त्यांना समाजसेवेची लागण झाली आणि शिकागोत सार्वजनिक शौचालयं व्हावीत म्हणून त्यांनी खटपट सुरू केली. तुमचा ग्रूप इतका वाहवत जाणार नाही याची काळजी घ्या. पुढे १९८५ साली कॅलिफोर्नियात आयव्हन मिसनर यांनी बीएनआय, म्हणजे ‘बिझनेस नेटवर्क इंटरनॅशनल’, काढून धंद्याला पुन्हा मध्यभागी बसवलं: दर आठवड्याला हजेरी, एका गटात एका व्यवसायाचा एकच माणूस, आणि आधी द्या म्हणजे मिळेल हे ब्रीद. त्या पद्धतीच्या नकला आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचल्या आहेत. तुमच्या वाट्याला नकलेची नक्कल आली तरी हरकत नाही. उपमा सगळीकडे तसाच असतो.

एका व्यवसायाचा एकच माणूस, या नियमाला घाबरू नका. इंटिरिअरची खुर्ची भरलेली असेल तर ‘मॉड्युलर किचन’मध्ये शिरा, तीही गेली असेल तर ‘स्पेस कन्सल्टंट’ व्हा. अशा तीन जणांनी शेजारी बसून एकमेकांसाठी टाळ्या वाजवताना पाहण्यासारखं असतं. वार्षिक फी आणि तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी मात्र तिघांकडूनही वेगवेगळा घेतला जातो.

आता तुमचा एक मिनिट. यात तुम्ही कोण, काय विकता आणि कोणाची ओळख हवी, हे सांगायचं. ‘कोणीही चालेल’ म्हणालात तर नवखे ठराल. नेमकं मागायचं असतं. म्हणून सगळे नेमकं मागतात: चाकणच्या मोठ्या कारखान्याचा परचेस हेड. पॅकेजिंगवाल्याला तो हवा, हाउसकीपिंगवाल्याला हवा, सीसीटीव्हीवाल्याला हवा, झुंबा शिकवणाऱ्या ताईंनाही ‘एम्प्लॉयी वेलनेस’साठी तोच हवा. चाळीस जण दर आठवड्याला एकाच माणसाचा जप करतात. तो मात्र त्या वेळी आपल्या घरी झोपलेला असतो, कारण त्याला कोणाच्याच ओळखीची गरज नसते. हे मोठ्याने बोलू नका.

मुख्य विधी पुढे आहे: रेफरन्स देणे, म्हणजे दुसऱ्या सदस्याला गिऱ्हाईक सुचवणे. हात हलवत आलात तर कमिटी तुमच्याकडे पाहते, आणि ती नजर सासरच्यांपेक्षा जड असते. त्यामुळे आदल्या रात्री घरच्यांना कामाला लावा. मेहुण्याला गुडघेदुखी आहे? फिजिओथेरपिस्टला रेफरन्स. मेहुण्याला अजून सांगितलेलं नाही? तो तपशील झाला. शेजारचे काका लिफ्टमध्ये ‘यंदा केसरी नको, स्वस्तातलं बघू’ म्हणाले? ट्रॅव्हलवाल्याला ‘हॉट लीड’. भाचीने लग्नाला होकार दिला नसला तरी केटरर, फोटोग्राफर, मेंदीवाली आणि ज्योतिषी असे चार रेफरन्स एका भाचीतून सहज निघतात. ती नाहीच म्हणाली तर समुपदेशक धरून पाच.

झालेल्या धंद्याबद्दल उभं राहून आभारही मानायचे असतात, आकड्यासकट. इथे खरी जादू आहे. समजा, ट्रॅव्हलवाल्याने सीएकडून रिटर्न भरून घेतलं, दहा हजार दिले. सीएने त्यातून विमा काढला. विमावाल्याने वेबसाइट केली. वेबसाइटवाल्याने दिवाळीला गिफ्टिंगवालीकडून सुक्या मेव्याचे डबे घेतले. गिफ्टिंगवालीने घरच्यांना महाबळेश्वरला पाठवलं, अर्थात याच ट्रॅव्हलवाल्याकडून. दहा हजार जिथून निघाले तिथे सुखरूप पोचले आणि रजिस्टरला पन्नास हजारांचा धंदा लागला. बाहेरचा एक रुपया आत आला नाही, पण प्रोजेक्टरवर हिरवा बाण वर गेला, सर्वाधिक रेफरन्सची ट्रॉफी दिली गेली, फोटो निघाला. वेबसाइट तेवढी अजून ‘अंडर कन्स्ट्रक्शन’ आहे.

नाश्त्याने भागलं नाही तर ‘वन-टू-वन’ असते. दोन सदस्यांनी निवांत भेटून एकमेकांचा धंदा समजून घ्यायचा. प्रत्यक्षात दोघेही विकायला आलेले असतात आणि दोघांनाही घ्यायचं काही नसतं, त्यामुळे गप्पा फार सभ्य होतात. कॉफी अडीचशेची. बिल कोण देतो यावरून नात्याचं भवितव्य ठरतं, तेव्हा फोन आल्याचं सोंग कधी घ्यायचं ते आधी ठरवून जा.

ग्रूपबाहेरची वेळही वाया घालवू नका. लग्नाच्या पंगतीत कार्ड देणं आता मागासलेपणाचं झालं; मोबाइलला टेकवायचं कार्ड घ्या, म्हणजे समोरच्याच्या हातातली पुरी खाली पडेपर्यंत तुमचा नंबर त्याच्याकडे गेलेला असतो. दहाव्याला किंवा तेराव्याला गेलात तर थोडा संयम हवा. पिंडाला कावळा शिवेपर्यंत विषय काढू नये. नंतर मात्र ‘वहिनी, कागदपत्रांचं काही असलं तर सांगा, आपला वकील आहे’ एवढं म्हणायला हरकत नाही. लोक त्याला आधार म्हणतात, आपण लीड म्हणतो.

रात्री लिंक्डइन. तिथे थेट ओळखींना तीस हजारांची मर्यादा आहे. कंपनीनेच घातलेली, त्यामुळे तिथवर पोचायला कोणाची ना नाही. एका ओळीचा एक परिच्छेद लिहा. ‘आज एका चहावाल्याने मला नेतृत्व शिकवलं’ अशी सुरुवात करा. चहावाल्याचे पैसे दिले होते का, हे कोणी विचारत नाही.

आता जरा नाजूक भाग. समजा, ग्रूपमधल्याच कोणी तुम्हाला खरंच काम दिलं. दारं, ग्रिल, दोनशे ब्रॅकेट, सगळं कोटिंग करून तुम्ही वेळेत पोचवलंत. पैसे? कायदा तुमच्या बाजूने आहे: २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसला तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, वर पैसे चुकते करेपर्यंत गिऱ्हाइकाला तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. पण हे सगळं परक्यांसाठी. तो तर आपला माणूस. दर आठवड्याला तुमच्या शेजारी बसतो, इडली तुमच्याकडे सरकवतो. त्याला बिलाची आठवण कशी करणार? उलट त्याने उभं राहून तुमच्या कामाबद्दल भरभरून बोललेलं असतं, सगळ्यांनी टाळ्या वाजवलेल्या असतात. टाळ्या मिळाल्या म्हणजे अर्धी वसुली झालीच. उरलेल्या अर्ध्यासाठी त्याला पुढच्या आठवड्यात एक रेफरन्स द्या, म्हणजे तो खूश राहील. फी भरायला पैसे कमी पडले तर ग्रूपमध्ये एक कर्जवालाही असतो.

शंकेखोर लोक इथे ग्रॅनोव्हेटरचं नाव काढतील. या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने साठच्या दशकाच्या अखेरीला बोस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं, की ज्याच्यामुळे ती मिळाली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? वारंवार भेटणारा म्हणणारे शंभरात सतराच्या आत निघाले. ५५ हून जास्त म्हणाले, अधूनमधून. आणि जवळजवळ २८ म्हणाले, क्वचितच. कारण सरळ आहे: रोज भेटणाऱ्याला तेच ठाऊक असतं जे तुम्हाला ठाऊक आहे, दूरच्याकडे दुसऱ्या गल्लीतली खबर असते. पण तो सर्व्हे नोकरीचा होता, आपला धंदा आहे, असं म्हणून विषय मिटवा. नाहीतर त्याच चाळीस जणांना दर आठवड्याला भेटण्याचं समर्थन करणं अवघड जाईल.

आणि एखाद्या दिवशी तळेगावहून अनोळखी माणसाचा फोन आला, की तुमचा माल पाहिला, रंग चांगला बसलाय, महिन्याला हजार नग कराल का, तर गोंधळून जाऊ नका. नंबर कोणी दिला विचारलंत तर कळेल, तुमचा माल वाहणाऱ्या टेम्पोवाल्याने. तो तिकडेही माल पोचवतो, आणि तिथल्या कोणीतरी पत्र्याला लवकर गंज चढतो म्हणून शिव्या घातल्या तेव्हा याला तुमची शेड आठवली. असा धंदा रजिस्टरला धरता येत नाही. रेफरन्सची चिठ्ठी नाही, साक्षीला टाळ्या नाहीत. तेव्हा ग्रूपमध्ये याची वाच्यता न करता टेम्पोवाल्यालाच पुढच्या बैठकीला पाहुणा म्हणून घेऊन या. ट्रान्सपोर्टची खुर्ची रिकामी असेलच. ब्लेझर नाही म्हणाला तर तुमचा जुना द्या, आणि पाहुण्याच्या नाश्त्याचे पैसे त्याच्या या महिन्याच्या भाड्यातून कापून घ्या.